बांधाचा फोटो

“बांधाचा फोटो कशाला काढती, आक्का?”

धाकट्या भावानं हे विचारलं तेव्हा त्याची मोटारसायकल चालूच होती. मी उसाच्या कडेला गुडघ्यावर बसून शेंदूर लावलेल्या बांधाच्या दगडावर कॅमेरा रोखला होता. म्हटलं, “लहानपणी इथंच बसून भाकरी खायचो ना रे आपण. प्रदर्शनात लावायचाय.”

“दगुड?”

“हो.”

“दगडाचं प्रदर्शन,” म्हणून तो हसला. पण हसताना त्याची नजर माझ्यावर नव्हती, कॅमेऱ्यावर होती. मग त्यानं गाडी बंद केली, स्टँडला लावली आणि माझं आवरेपर्यंत तिथंच उभा राहिला. मी विहिरीकडं गेले, तर तोही विहिरीकडं आला. पंपाच्या खोलीकडं गेले, तर तिकडंही. “ऊन लई हाय, घरी चल, चहा घे,” असं मधूनमधून म्हणत होता. माहेरच्या शिवारात कुणी माझ्या मागं मागं फिरावं, हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

त्या दिवसांत आमच्या भागात सगळेच एकमेकांकडं तिरकं बघत होते, हे खरं. माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, अवसरीच्या पुढं. तिथून नवा रस्ता जाणार, कुणी म्हणे रेल्वे जाणार, जमिनी कुणाच्या जाणार, याच्या बातम्या चहाच्या टपरीवर रोज बदलत. त्यात आभाळात ड्रोन फिरतात, चोर त्यातून घरांची टेहळणी करतात, अशी आवई उठलेली. गावोगावची माणसं काठ्या घेऊन गस्त घालत होती. अशा वेळी पन्नाशी उलटलेली बाई गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवून बांधाबांधानं हिंडतेय म्हटल्यावर लोक विचारणारच. मला न ओळखणाऱ्या एका नव्या सुनेनं तर डोक्यावरचा पदर सावरत विचारलं, “मॅडम, तुमी मोजनीच्या का?” मी सांगितलं, मी याच गावची लेक. तिनं मान हलवली, पण घरात जाऊन कुणाला तरी फोन लावला. दारातून मला तिचा आवाज ऐकू येत होता.

हे प्रदर्शन कसं ठरलं, ते आधी सांगते. मी लग्न होऊन जुन्नरला आले तेव्हा सासरी बाजारपेठेच्या गल्लीत फोटोचा स्टुडिओ होता. नवरा पुढं पासपोर्टचे फोटो काढायचा, मी मागच्या अंधाऱ्या खोलीत ते धुवायची. पुढं लग्नांच्या ऑर्डरी यायला लागल्या. हळदीला, नवरीच्या खोलीत फोटो काढायला बाई असली की बायका मोकळ्या बसत, हे लक्षात आल्यावर नवऱ्यानं कॅमेरा माझ्या हातात दिला. तेव्हा रोल असायचे. लग्न संपलं तरी रोलमध्ये दोन-चार फोटो उरत. ते वाया कशाला घालवायचे म्हणून मी माहेरी गेले की तिथं संपवायची. बैलांची शिंगं तासणारे तात्या, म्हणजे आमचे वडील. जात्यावर बसलेली आई. यात्रेत बैलगाडा शर्यतीच्या घाटावर पिवळा भंडारा उधळताना अख्खं गाव. टोमॅटोच्या क्रेटांवर बसून पान खाणाऱ्या बायका. असे उरलेले फोटो उरत उरत खोकी भरली.

मोबाइल आले आणि स्टुडिओ आटला. आता पुढच्या भागात नवरा झेरॉक्स काढतो आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. मागची खोली आणि खोकी माझी. चित्रकलेच्या एक निवृत्त बाई झेरॉक्स काढायला आल्या होत्या. मी निगेटिव्ह पुसत बसले होते, त्यांनी सहज दोन-तीन उजेडाला धरून पाहिल्या आणि स्टुलावर बसूनच राहिल्या. म्हणाल्या, “हे तुमचं आत्मचरित्र आहे. तुम्ही लिहिलं नाही, काढलंत. लावा की कुठंतरी.” उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचं सभागृह त्यांनीच मिळवून दिलं. जुने फोटो होतेच. त्यांच्या शेजारी त्याच जागांचे आजचे फोटो लावायचे, असं मी ठरवलं. त्यासाठीच मी बांधावर गेले होते.

डोंगराकडंही गेले. जुन्नरच्या पश्चिमेला, भाताची खाचरं असलेल्या एका वाडीत माझ्याच वयाची एक बाई राहते. तिची माणसं दर वर्षी आमच्याकडं कांदे काढायला खाली यायची, आणि ती आणि मी दिवसभर चिंचोके खेळायचो. वाडीत शिरले तर पारावरची माणसं उठून उभी राहिली. “फॉरेस्टच्या का?” एकानं विचारलं. नाही म्हटलं, तर दुसऱ्यानं विचारलं, “मंग कशाच्या?” मी तात्यांचं नाव सांगितलं. पारावर एकदम हसू फुटलं. मला कोरा चहा मिळाला, मैत्रीण शेतातून धावत आली आणि नाचणी पाखडताना तिनं मला पाहिजे तेवढे फोटो काढू दिले. परत येताना एसटीत माझ्या मनात आलं, तात्यांच्या नावानं इथं संशय फिटला, आणि तात्यांच्याच घरात माझ्याबद्दल संशय धरलाय.

कारण तोवर भावाकडच्या जेवणाचा प्रसंग होऊन गेला होता.

त्यानं स्वतः फोन केला होता. “रविवारी ये, मासवड्या केल्यात.” मी गेले. सडकेच्या कडेला त्यानं बांधलेलं नवं स्लॅबचं घर, पुढं फरशी, आत सोफा. सोफ्यावर कडक इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ बसलेले, मांडीवर चेनची बॅग. भाऊ म्हणाला, “माझं मित्र हायेत. मंचरला असत्यात.” पाटावर माझ्या समोरच त्यांना वाढलं. मासवडीचा पहिला घास घेतला, तोच ते गोड आवाजात म्हणाले, “ताई, आधार कार्डावर नाव कुठलं लावता? सासरचं?”

“हो. का?”

“काही नाही, सहज. बहिणी किती तुम्ही?”

“मी एकटीच.”

“मग सोपं आहे,” ते म्हणाले.

भावानं घाईघाईनं भावजयीला हाक मारली, “रस्सा आन गं.” भावजय आली, वाढून गेली. तिनं मला नेहमीसारखं “वन्सं, आनखी घ्या” म्हटलं नाही. आई चौकटीत बसून कांद्याची पात निवडत होती. ती तर वर बघायलाच तयार नाही. काय सोपं आहे, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. आमच्याकडं बहिणीची सही घ्यायची असली की आधी असंच गोडाधोडाचं, आवडीचं जेवण होतं. हक्कसोड म्हणतात त्याला. बहिणीनं बापाच्या जमिनीतला वाटा भावाला सोडून दिला, असं लिहून द्यायचं. मी अर्धं ताट तसंच ठेवून उठले. मासवड्या चांगल्या झाल्या होत्या, याचंही वाईट वाटलं.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. दिवसभर लोकांचे उतारे आणि वारसांचे कागद झेरॉक्स करून त्याचा कुणावरच विश्वास उरलेला नाही. तो म्हणाला, “बांधाचे फोटो काढत हिंडलीस ना? त्याला वाटलं, तू कोर्टात जायची तयारी करतेस. म्हणून त्यानं घाई केली. आता कुठं सही-बिही करू नको.”

दोन दिवसांनी आईचा फोन आला. “बाई, ते फोटो-बिटो राहू दे. ऊन फार हाय. तुज्या जिवाला कशाला तरास?” तिच्या आवाजामागं घुमल्यासारखं होत होतं. नवरा हातानं खूण करत म्हणाला, तिकडं स्पीकर चालू आहे. मी आईला विचारलं, “शेजारी कोण आहे गं?” ती म्हणाली, “कुनी न्हाई.” आणि मागं भावाचा तो विशिष्ट खोकला ऐकू आला.

खरं सांगायचं तर तोवर त्या जमिनीत मला काही मागायचं आहे, असं कधी मनात आलं नव्हतं. तात्यांच्या माघारी भाऊ तिथं राबतो, आईला सांभाळतो, मला दर वर्षी गुळाची ढेप आणि लसूण पाठवतो, यात सगळं आलं, असंच मी धरून चालले होते. पण सगळी माणसं माझ्याकडं चोर म्हणून बघायला लागली, तेव्हा एका दुपारी प्रिंट वाळत घालताना मला वाटलं, का नको मागू? त्या विचारानं मी स्वतःच दचकले. आणि मग जुन्या गोष्टीही वेगळ्या दिसायला लागल्या. तात्यांचे जुने फोटो मागितले तेव्हा भाऊ म्हणाला होता, वाळवी लागली. खरंच लागली होती का? गेल्या दिवाळीत भावजयीनं माझी पिशवी स्वतः भरून दिली, ती मायेनं, की आत काय आहे ते बघायला? एकदा हे सुरू झालं की थांबत नाही.

मे महिन्यात प्रदर्शन लागलं. आळेफाट्याच्या एका दुकानातून फ्रेमा करून आणल्या, चित्रकलेच्या बाईंनी आणि मी मिळून टांगल्या. दाराशी पहिलाच फोटो माझा. मंचरच्या स्टुडिओत रंगवलेल्या महालाच्या पडद्यापुढं, मागून आणलेल्या फ्रॉकमध्ये रडवेली उभी असलेली मी. तिथून पुढं घर, जातं, चूल, यात्रा, घाट, तमाशाच्या राहुट्या, डोंगरातली मैत्रीण. समोरच्या भिंतीवर मधोमध मी दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते. एक जुना. पोळ्याच्या दिवशी तात्या बांधावर उभे, दोन्ही बाजूंना रंगवलेल्या शिंगांचे, झुली घातलेले बैल, मागं मोठी बाभळ. आणि एक नवा. त्याच बांधाचा दगड, कुणी माणूस नाही.

पहिल्या दिवशी शिक्षक आले, बँकेतले लोक आले, फोटोंपुढं उभं राहून सेल्फी काढणाऱ्या मुली आल्या. सगळ्यांनी छान छान म्हटलं. दुपारी भाऊ आला. एकटाच, हात पाठीमागं बांधून. मला म्हणाला, “बघू तरी काय मांडलंय.” पहिल्या फोटोपुढून सरळ चालत गेला आणि तात्यांपुढं थांबला. मला वाटलं, बापाला बघून गलबलला असेल. मी जरा लांबच थांबले. बऱ्याच वेळानं त्यानं हाक मारली.

“आक्का, ह्यो कवाचा?”

“तात्या हिंडते-फिरते होते तेव्हाचा. पंपाच्या खोलीवर चढून काढला होता.”

“बाभळ बघ.”

मी बाभळ बघितली.

“बाभळ आपल्या अंगाला हाय यात. बांदाच्या अलीकडं.” त्यानं काचेवर बोट टेकवलं. “आनि आता? आता बाभळ आप्पाच्या वावरात हाय. म्हंजी बांद सरकला. मी बोंबलत व्हतो, कुनी ऐकत नव्हतं.”

आप्पा म्हणजे आमचा चुलतभाऊ, शेजारच्या शेताचा मालक. भावानं मोबाइल काढून त्या फोटोचे फोटो काढले, जवळून, लांबून, दगडाचा वेगळा. बाकीचं प्रदर्शन न बघताच तो निघाला. जाताना पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघून म्हणाला, “लई भारी काम केलंस, आक्का.” इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून आलेला हा पहिला चांगला शब्द होता, आणि तो ऐकून मला धडकीच भरली.

दुसऱ्या दिवशी गावाहून पिकअप भरून माणसं आली. चित्रकलेच्या बाईंना कोण आनंद झाला. म्हणाल्या, “बघा, गावाला आपली संस्कृती किती प्यारी आहे!” पण माणसं जात्यापुढं थांबत नव्हती, यात्रेपुढं थांबत नव्हती, थेट तात्यांच्या फोटोपुढं गोळा होत होती. एक म्हातारे काचेवर वीत ठेवून दगडापासून बाभळीपर्यंतचं अंतर मोजत होते. दुसऱ्या एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, “ताई, आमच्या वढ्याकडचं बी कवा काढलं व्हतं का वो? बघा जरा खोक्यात. कुनाला सांगत न्हाई मी.” आणखी एकानं विहिरीचा फोटो बघून शेजाऱ्याला कोपर मारलं आणि दोघं हळू आवाजात बोलत बाहेर गेले. माझं अख्खं आयुष्य भिंतीवर टांगलेलं होतं, आणि लोक त्यात आपापले बांध शोधत होते.

संध्याकाळी आप्पा आला. स्वच्छ पांढरी टोपी, हातात केळ्यांची फणी. फणी माझ्या हातात देऊन म्हणाला, “लई मोठी झालीस पोरी. चुलत्याचं नाव काढलंस. आता एक कर. त्यो फोटो काढून ठेव.”

“का आप्पा?”

“तुज्या भावानं गावभर दाखवलाय. मी बांद कोरला म्हनतोय. एवढ्या फोटोतनं तुला त्योच घावला? तुला कुनी सांगितलं त्यो लावायला?”

“कुणी नाही. त्यात तात्या आहेत म्हणून लावला.”

“तात्याचं दुसरं फोटो न्हाईत व्हय?”

मी त्याला समजावून सांगायला लागले. फोटो पंपाच्या खोलीवरून, तिरका, लांबच्या लेन्सनं काढलेला. लग्नात लांबून नवरीचा चेहरा जवळ आणायला वापरतो ती लेन्स. तिच्यातून मागचं पुढं चिकटल्यासारखं दिसतं. बाभळ बांधापासून किती लांब होती, बांधाच्या कुठल्या अंगाला होती, हे त्या फोटोवरून सांगता येत नाही.

आप्पानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, “म्हंजी फोटो खोटा हाय?”

“खोटा नाही.”

“मंग खरा?”

“तसंही नाही म्हणता येत.”

“खरा न्हाई, खोटा न्हाई. मंग लावलाय कशाला?” तो उठला. “तुमी बहीन-भाऊ मिळून काय करताय ते मला कळतंय. करा.”

तो गेल्यावर केळी कुणी खाल्ली नाहीत. नवरा म्हणाला, खाऊ नको, आणि मग आम्हांला दोघांनाही आपलीच लाज वाटली.

भावाला मी फोनवर तेच सांगितलं, तीच लेन्स, तोच तिरका कोन. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, “आप्पा येऊन गेला म्हनं सभागृहात.”

“हो.”

“काय ठरलं मंग तुमचं?”

मी फोन ठेवला. भावाच्या लेखी कालपर्यंत मी त्याच्याविरुद्ध पुरावे गोळा करत होते, आज मी आप्पाला सामील होते. मी फक्त फोटो काढते, हे कुणालाच पटत नव्हतं.

सकाळी सभागृह उघडण्याआधी मी त्या फोटोपुढं उभी राहिले. काढावा का? बाभळ कुणाची होती, हे मी स्वतः आठवून बघितलं. शेळ्यांसाठी शेंगा आम्हीही झोडायचो, आप्पाकडचेही झोडायचे. कुणी कुणाला अडवल्याचं आठवत नाही. दुपारच्या सावलीत कोण कुठल्या अंगाला बसायचं, तेही आठवत नाही. इतकं आठवतं की तात्या फोटो काढून घ्यायला लाजत होते आणि डावा बैल सारखा मान झटकत होता. मी फोटो तसाच ठेवला.

शेवटच्या दिवशी दुपारी भावजय आईला घेऊन आली. मला कुणी कळवलं नव्हतं. आई दम लागून दाराशीच खुर्चीवर बसली. भावजयीनं इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, “नारायणगावला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेते म्हनून सांगून निघालोय. घरी बोलू नका, वन्सं.”

माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की भावानंच हिला पाठवलं असणार. आता आईच्या डोळ्यांत पाणी आणवतील आणि मग बॅगवाले गृहस्थ येतील. मी दाराबाहेर डोकावूनही बघितलं. बाहेर फक्त उसाच्या रसवाल्याचा गाडा होता.

आईला हाताला धरून मी एकेक फोटो दाखवला. जात्यापुढं ती म्हणाली, “खुटा सैल झाला व्हता तवा.” तात्यांपुढं आली तेव्हा बाभळीकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. काचेला नाक टेकेल इतकी जवळ गेली आणि म्हणाली, “सदऱ्याला वरचं बटन न्हाई बघ. सकाळपास्नं सांगत व्हते लावून देते, ऐकलं न्हाई मानसानं.” मग तिला तिथंच बसायचं होतं, म्हणून मी खुर्ची तिकडं नेली.

भावजय मात्र भिंतीभिंतीनं सावकाश फिरत होती. सगळं फिरून माझ्याजवळ आली.

“वन्सं, एक इचारू?”

“विचार की.”

“यात माझा येक बी न्हाई.”

मी सगळ्या भिंतींवरून नजर फिरवली. खरंच नव्हता. आमच्या घरात ती माझ्याइतकीच वर्षं, खरं तर माझ्याहून जास्त राहिली होती. चुलीच्या फोटोत आई होती, कांद्याच्या फोटोत गड्यांच्या बायका होत्या, बैलांच्या फोटोत तात्या आणि भाऊ. ती कुठंच नव्हती.

“मला वाटायचं, तुमी मुद्दाम गाळताय,” ती म्हणाली. “फोटो काढायला लागला की म्हनायच्या, जरा सरक गं, उजेड अडतोय. मी सरकायची. मला वाटायचं, ही घरातली न्हाई असं ठरवलंय तुमी.”

“तसं नव्हतं गं.”

“नसंल बी. मला काय म्हाईत?”

मी कॅमेरा उचलला. तिनं हात आडवा धरला. “आता नगा. केस बघा कसं झाल्यात एसटीनं.”

मग आईकडं पाठ करून, आवाज खाली आणून ती म्हणाली, “आनि आनखी येक. सही करू नका.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“ह्यांना सांगू नका मी म्हनले म्हनून. माझ्या माहेरी मी केली सही. असंच बोलावलं, पुरनपोळी केली, अंगठा टेकवला. भाऊ वाईट न्हाई माझा. पन तवापास्नं ‘ये’ म्हनून फोन येत न्हाई. मी गेले तर बस म्हनत्यात, चहा देत्यात. पन ये म्हनत न्हाईत. सही दिली की मान्साला वाटतं, झालं हिचं काम.”

ती हे का सांगतेय? ही जमीन उद्या तिच्याच मुलांची. मी सही केली तर फायदा तिचाच. हिला काढून घ्यायचं असेल का, माझ्या मनात काय आहे ते? मी तिच्याकडं बघत राहिले आणि तिच्या ते लक्षात आलं असावं. ती म्हणाली, “तुमाला खरं वाटायचं न्हाई. नगा मानू,” आणि आईला उठवायला गेली. मी त्यांना उसाचा रस पाजला, नारायणगावच्या एसटीत बसवून दिलं. गाडी हलली तेव्हा खिडकीतून भावजयीनं हात केला नाही. आईनं केला.

पुढं भावानं सरकारी मोजणी मागवली. पाऊस सुरू व्हायच्या आत मोजणीवाले आले. मी गेले नाही, पण गावातून फोन येत राहिले, आणि प्रत्येक फोन वेगळं सांगत होता. शेवटी इतकं कळलं की खूण जुन्या दगडाच्या जवळच पडली, हातभर इकडं की तिकडं, त्यावरही एकमत नाही. बाभळ आप्पाच्याच वावरात निघाली. भाऊ म्हणाला, मोजणीवाला आप्पानं मॅनेज केला. आप्पा म्हणाला, फोटोमुळं पंचांच्या मनात काहूर माजलं, नाहीतर आपल्याला आणखी मिळालं असतं. विहिरीवरची मोटर सामायिक असल्यामुळं पाण्याची पाळी ठरवायला त्यांना बोलावं लागतं. ते गड्यांमार्फत बोलतात.

पोळ्याच्या आधी भाऊ जुन्नरला कामासाठी आला आणि स्टुडिओत डोकावला. नवऱ्यानं त्याला चहा मागवला. बॅगवाले गृहस्थ बरोबर नव्हते. इकडचं तिकडचं झाल्यावर भाऊ म्हणाला, “आक्का, तुज्या मनात काय हाय ते येकदा सांगून टाक.”

मी म्हटलं, “सही करणार नाही. आणि काही मागणारही नाही.”

“हे कसलं?”

“हे असंच.”

“मागायचं न्हाई तर सही का न्हाई?”

“सही केल्यावर तू मला ये म्हणशील का?”

कपातला चहा त्यानं बशीत ओतला, प्यायला, आणि “आईला भेटून जात जा,” एवढं म्हणून गेला. नवरा म्हणाला, हा आता वेगळा काहीतरी डाव टाकणार. मी त्याला म्हटलं, पुरे आता. पण डाव काय असेल, याचा विचार मी त्या रात्री आणि पुढच्या अनेक दिवसांत केलाच.

दिवाळीला त्यानं फोन केला नाही. भाऊबीजेला सकाळी मी एसटी धरली. नारायणगाव मागं पडलं तरी मी ठरवलं नव्हतं, की उतरल्यावर सरळ घरी जायचं की फाट्यावरून परत फिरायचं. घरी गेले. भावजय दारातच होती, तिनं “या वन्सं” म्हटलं, जास्त काही नाही. भाऊ आंघोळ करून पाटावर बसला. मी ओवाळलं. त्यानं मान खाली घालून ताटात साडी ठेवली, प्लास्टिकच्या पिशवीतली, दुकानाची घडी न मोडलेली. आई म्हणाली, “उघडून बघ की.”

मी साडी उघडली. घड्यांमध्ये एखादा कागद तर नाही ना, असं मनात आलंच, म्हणून मी सगळ्यांसमोर ती पूर्ण उलगडली. पदर, काठ, पार शेवटपर्यंत. काही नव्हतं. मोरपंखी रंग, बारीक जरीचे काठ. भावाला रंगातलं काही कळत नाही. भावजयीनंच निवडली असणार.